नायजेरियाचा सणाचा पोशाख : एका भरतकामाची तवारीख

मागच्या बकरी ईदला संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी मुबारकबाद द्यायला घरी आला. मालेगावच्या आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेला. वडिलांचे चार लूम होते. धंदा बसला तेव्हा ते भंगारात गेले आणि हा मुलगा सुरतेला गेला. तिथे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रांसाठी डिझाइन 'पंच' करायचे काम तो शिकला. गळाभेट झाली, कबाबची ताटली पुढे आली आणि त्याने पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढून आमच्या हातात दिला. जांभळी, झिरझिरीत नेट. तिच्यावर सोनेरी जरीची वेल, वेलीच्या दोन्ही अंगांना टिकल्या, मधूनमधून कापून मोकळी केलेली जाळी आणि काठाला कंगोरे. दिव्यासमोर धरला तर पलीकडची भिंत दिसावी इतके तलम कापड; तरी हाताला वजन लागत होते.

"सर, हे नायजेरियाला जाते," तो म्हणाला. "लग्नाला, ईदला तिकडे घालतात. सहा महिने मी हेच काढतोय. पण एक कळत नाही. डिझाइन मी काढतो, यंत्र जपानी, पहिला नमुना कुठल्या तरी युरोपच्या कापडावरून घेतलेला. आणि तिकडची पार्टी फोनवर सांगते, हा आमचा खानदानी पोशाख आहे, यात गडबड चालायची नाही. मग हे नेमके आहे कोणाचे?"

आम्ही पडलो शिक्षक. अवघड प्रश्न आला की 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणण्याची आम्हांला सवय. त्यालाही तेच सांगितले. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण तो एकट्या त्या मुलाचा नव्हता. मिळतील तेवढी पुस्तके आणि लेख वाचून काढले. प्रस्तुत लेख म्हणजे त्याला कबूल केलेला तो पुढचा तास होय.

मालम आणि सुई

नायजेरिया हा पश्चिम आफ्रिकेतील देश. लोकसंख्या वीस कोटींहून अधिक आणि त्यांत सुमारे निम्मे मुसलमान. उत्तरेत हौसा आणि फुलानी, नैर्ऋत्येस योरुबा, आग्नेयेस इग्बो हे मोठे समाज. शिवाय शेकडो लहान समाज आणि भाषा. या देशातील भरतकामाची जुनी परंपरा उत्तरेकडे, कानो, झारिया, बिदा अशा शहरांत सापडते आणि ती पुरुषांच्या पोशाखाची आहे.

हौसा भाषेत त्या पोशाखाला 'बब्बर रिगा' म्हणतात, म्हणजे मोठा अंगरखा. योरुबा लोक त्यालाच 'अगबाडा' म्हणतात. हा अंगरखा इतका रुंद की त्याच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबतात आणि घालणारा त्या पुनःपुन्हा खांद्यावर घेत चालतो. गळ्याभोवती आणि डाव्या छातीवरील मोठ्या खिशावर दाट भरतकाम असते. त्यातील लांब, टोकदार आकारांना 'अस्का' म्हणजे चाकू म्हणतात. दोन चाकूंची नक्षी ती 'अस्का बियू' आणि आठ चाकूंची ती 'अस्का तकवास'.

वाचताना एका गोष्टीपाशी आम्ही थांबलो. ही नक्षी आखणारे आणि भरणारे पुष्कळ लोक कुरआन शिकवणारे उस्ताद किंवा त्यांचे शागीर्द असत. हौसा भाषेत अशा माणसाला 'मालम' म्हणतात. तो अरबीतील 'मुअल्लिम'. म्हणजे आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर उर्दूत जो शब्द लिहिला जातो तोच. अरबी 'अल्-किताब'चे हौसात 'लित्ताफी' झाले. तख्तीवर आयती लिहिणारा हातच दुपारी सुई धरत असे. लिहिणे आणि भरणे ही तिथे फार दूरची कामे नव्हती.

धाग्याची कहाणीही अशीच. योरुबा विणकरांच्या 'असो ओके' या हातमागाच्या कापडाचे तीन जुने प्रकार मानतात. निळीत बुडवलेले 'एतू', रानरेशमाचे बदामी रंगाचे 'सान्यान' आणि किरमिजी रेशमाचे 'अलारी'. हे किरमिजी रेशीम स्थानिक नव्हते. ते उंटांच्या काफिल्यांवर सहारा ओलांडून उत्तरेकडून येई. अरबीत रेशमाला 'हरीर' म्हणतात. त्या 'अल्-हरीर'पासून हौसातला 'अलहारिनी' आणि पुढे योरुबातला 'अलारी'. आज ज्याला योरुबांचे अस्सल, पुरातन कापड म्हणून मान आहे, त्याच्या नावातच वाळवंटापलीकडचा पत्ता आहे.

इ.स. 1804 मध्ये शेहू उस्मान दान फोदियो यांनी हौसा राजांविरुद्ध जिहाद पुकारला आणि त्यातून सोकोतोची खिलाफत उभी राहिली. शेहूंनी 'किताब अल्-फर्क' या ग्रंथात आधीच्या राजांच्या ज्या वागणुकीवर टीका केली, तिच्यात त्यांच्या ऐषारामी, शरीअतची तमा न बाळगणाऱ्या पोशाखाचाही समावेश आहे. पण इतिहासाची गंमत पाहा. त्याच खिलाफतीच्या अमिरांच्या दरबारात पुढे भरजरी अंगरखा हा सन्मानाचा सर्वांत मोठा नजराणा ठरला. आपल्याकडे बादशहा खिलअत देत, तसे तिकडे अमीर रिगा देऊ लागले. जर्मन प्रवासी हाइन्रिश बार्थ 1851 मध्ये कानोला पोहोचला. तिथे विणलेले, निळीत रंगवलेले कापड आणि शिवलेले अंगरखे उत्तरेस त्रिपोलीपर्यंत आणि पश्चिमेस तिंबक्तूपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदवले आहे. म्हणजे ज्या काळात युरोपचे कापड आफ्रिकेला सभ्यता शिकवायला निघाले असे सांगितले जाते, त्या काळात कानो स्वतः कापडाची मोठी पेठ होती.

धागे काढून केलेली जाळी

आता झिरझिरीत कापडाकडे वळू. नायजेरियात पारदर्शक जाळीची हौस युरोपच्या लेसबरोबर आली असे समजले जाते. ते पूर्ण खरे नाही. नायजर नदीच्या मुखाशी खाडी आणि बेटांच्या प्रदेशात कलाबारी नावाचा समाज राहतो. शतकानुशतके दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी संबंध असलेला. त्यांच्याकडे आलेल्या कापडांत सर्वांत मोलाचे होते भारताचे कापड. मद्रासच्या बाजूचे, चौकडीचे, हातमागावरचे सुती कापड. व्यापारात त्याचे नाव 'रिअल मद्रास हँडकरचीफ'. आंध्रातील चिराला भागातल्या विणकरांनी ते पश्चिम आफ्रिकेसाठी पिढ्यान्‌पिढ्या विणले. कलाबारी लोक त्याला 'इंजिरी' म्हणतात आणि हा शब्द 'रिअल इंडिया' यावरूनच आला असे सांगितले जाते. शेजारच्या इग्बो स्त्रिया समारंभात जे भारतीय कापड कमरेला गुंडाळतात त्याचे नाव 'जॉर्ज'. तेही मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून पडले असे मानतात.

कलाबारी स्त्रियांनी या चौकडीच्या कापडाचे जे केले ते आम्हांला फार विलक्षण वाटते. त्यांनी त्यावर काही भरले नाही. त्यातून धागे काढून टाकले. बारीक पात्याने मोजून धागा उचलायचा, कापायचा, ओढून काढायचा. कुठे उभा, कुठे आडवा, कुठे दोन्ही. उरलेल्या धाग्यांतून मूळ चौकडीत नसलेली नवी नक्षी उमटते आणि घट्ट कापड हवेसारखे हलके, जाळीदार होते. याला 'पेलेते बिते' म्हणतात. 'पेलेते' म्हणजे कापलेले, 'बिते' म्हणजे कापड. एक धागा चुकला तर तो परत घालता येत नाही. असे कापड घराण्याच्या पेटीत जपतात आणि मोठ्या प्रसंगी बाहेर काढतात.

आपल्या लखनवी चिकनमध्येही 'जाली' असते. तिथे सुईने धागे बाजूला सारून भोके पाडतात, धागा तोडत नाहीत. कलाबारी बाई धागा तोडते. दोन्हीकडे कापडात मोकळी जागा निर्माण करणे हेच कसब आहे. ढाक्याच्या मलमलीला आपल्या पूर्वजांनी 'आब-ए-रवाँ' आणि 'शबनम' अशी नावे दिली होती. तलमपणाची भूक एकाच देशाची नसते.

अभ्यासक जोन आयकर आणि स्वतः कलाबारी असलेले टोन्ये एरेकोसिमा यांनी 1981 मध्ये या कापडावर लिहिताना एक विचार मांडला. परकी वस्तू आपली कशी होते, याच्या त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, निवड : आलेल्या अनेक वस्तूंतून समाज काही ठरावीकच उचलतो. दुसरी, नाव : तिला आपल्या भाषेत नाव दिले जाते. तिसरी, सामावणे : जन्म, लग्न, मौत अशा प्रसंगांत तिची जागा ठरते. चौथी, बदल : वस्तूचे रूपच पालटते आणि ती जिथून आली तिथले लोकही तिला ओळखत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या चार पायऱ्यांत आहे. उरलेले अर्धे शोधायला युरोपात जावे लागते.

ऱ्हाइनकाठचे गाव

ऑस्ट्रियाच्या अगदी पश्चिम टोकाला, ऱ्हाइन नदीच्या काठी लुस्तेनाऊ नावाचे गाव आहे. नदीपलीकडे स्वित्झर्लंडचा सेंट गालेन प्रांत. या पट्ट्यात भरतकाम हा जुना घरगुती धंदा. 1863 मध्ये इझाक ग्रोब्ली या स्विस माणसाने शिवणयंत्राचे तत्त्व वापरून भरतकामाचे नवे यंत्र तयार केले. खालचा धागा वाहून नेणारा धोटा छोट्या होडीसारखा दिसे, म्हणून त्याला 'शिफ्ली' म्हणजे होडुली असे नाव पडले. चित्रकार नक्षी सहापट मोठी काढी आणि कारागीर तिच्या रेषेवरून टाका-टाका काटा फिरवी. त्याबरोबर शेकडो सुया एकदम चालत. 1898 मध्ये ग्रोब्लीच्याच मुलाने हे काम भोके पाडलेल्या पट्टीवर सोपवले. सुरतेतील आमचा विद्यार्थी माऊस फिरवतो तरी त्याच्या कामाला 'पंचिंग' म्हणतात, ते त्या भोकांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक युक्ती निघाली. रसायनात विरघळणाऱ्या कापडावर दाट भरायचे आणि मग खालचे कापडच विरघळवून टाकायचे. उरते ती निव्वळ धाग्याची जाळी. हीच 'गिप्युअर' लेस.

1 ऑक्टोबर 1960 रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. त्याच दशकाच्या आरंभी लुस्तेनाऊचे भरतकामवाले नव्या बाजारपेठेच्या शोधात लागोसला पोहोचले. सुरुवातीचा माल त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी बनलेला, फिक्या रंगाचा आणि बारीक नक्षीचा होता. पुढे जे घडले ते नायजेरियाच्या बाजारातील बायकांनी घडवले. पश्चिम आफ्रिकेत कापडाचा मोठा व्यापार स्त्रियांच्या हाती आहे. या व्यापारी स्त्रिया स्वतः विमानाने ऑस्ट्रियाला जाऊ लागल्या. कारखान्यात बसून त्यांनी नक्षी मोठी करून घेतली, भोके वाढवून घेतली, रंग भडक करून घेतले. ऱ्हाइनकाठच्या चित्रकाराला योरुबा डोळ्याने पाहायला शिकवले. योरुबा भाषेने 'लेस' या शब्दालाही आपल्या उच्चारात बसवून घेतले. चार पायऱ्यांतील निवड आणि नाव इथे झाले. बदल तर कारखान्यातच झाला.

1967 ते 1970 या काळात बियाफ्राचे यादवी युद्ध झाले. त्यानंतर तेलाचा पैसा आला. 1971 मध्ये नायजेरिया ओपेकचा सदस्य झाला, 1973-74 मध्ये तेलाचे भाव कडाडले आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी नोकरांचे पगारही वाढले. लेसचा तो सुवर्णकाळ. लुस्तेनाऊसारख्या छोट्या गावाची अनेक कुटुंबे लागोसच्या लग्नसराईवर जगू लागली. या नात्यावर 2010 मध्ये व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले आणि पुढे ते लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयातही गेले. बार्बरा प्लांकेनस्टाइनर आणि नाथ मायो अडेदिरान यांनी त्याचा ग्रंथ संपादित केला. 'परंपरेचा' पोशाख म्हणून ज्याला मान मिळतो, तो तीस-चाळीस वर्षांत कसा घडू शकतो, याचा तो पुरावाच आहे.

नात्याचे कापड

पण एवढे कापड लागते कशाला? याचे उत्तर 'असो एबी' या दोन शब्दांत आहे. 'असो' म्हणजे कापड आणि 'एबी' म्हणजे नातलग. योरुबांच्या लग्नात, बारशात, वडीलधाऱ्यांच्या दफनविधीनंतरच्या मोठ्या जेवणात यजमान एक कापड ठरवतात आणि जवळचे सगळे त्याच कापडाचे कपडे शिवून येतात. पूर्वी ते नातलगांपुरते होते. आता मित्र, सहकारी, शेजारी सगळेच आले. प्रथा योरुबांची, पण आज ती देशभर आणि देशाबाहेरही गेली आहे.

स्त्रीचा पूर्ण पोशाख असा : अंगात सैल 'बुबा', कमरेला गुंडाळलेला 'इरो', खांद्यावर किंवा कमरेवर 'इपेले' आणि डोक्याला ताठ घड्यांचा 'गेले'. पुरुषाचा पोशाख म्हणजे विजार, आतला सदरा, वरून अगबाडा आणि टोपी 'फिला'. लेस सहसा पाच यार्डांच्या तुकड्यात विकली जाते. लेसचा अगबाडा ही तर या कहाणीतील सर्वांत बोलकी वस्तू आहे. आकार सहारापलीकडच्या दुनियेशी नाते सांगणारा, गळ्याची नक्षी मालमच्या सुईची वारस आणि कापड मात्र ऑस्ट्रियाचे, नाहीतर सुरतेचे.

आमच्या वाचकांना एक सण विशेष सांगावासा वाटतो. लागोसच्या ईशान्येस इजेबू-ओदे नावाचे शहर आहे. तिथल्या राजाला 'अवूजाले' म्हणतात. बकरी ईदला योरुबा भाषेत 'इलेया' म्हणतात आणि त्याचा अर्थ घरी जायची वेळ झाली असा सांगतात. या इलेयाच्या तिसऱ्या दिवशी तिथे 'ओजुदे ओबा' म्हणजे राजाच्या अंगणाचा मेळा भरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने मुसलमान झालेले लोक आपल्याला दीन मोकळेपणाने पाळू दिला म्हणून राजाचे आभार मानायला जाऊ लागले, तेव्हापासूनचा हा मेळा. आज त्यात ख्रिस्तीही असतात, मुसलमानही असतात. समवयस्कांचे गट, ज्यांना 'रेगबेरेगबे' म्हणतात, एकाच कापडाचे कपडे घालून राजासमोरून जातात. जुन्या सरदार घराण्यांचे वारस सजवलेल्या घोड्यांवर येतात. अवूजाले सिकिरू कायोदे अडेतोना 1960 मध्ये गादीवर आले आणि 13 जुलै 2025 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची पासष्ट वर्षांची कारकीर्द म्हणजे जवळजवळ लेसचेच वय. शुक्रगुजारीतून सुरू झालेला सण पोशाखाचा एवढा मोठा मेळा व्हावा, हे आम्हांला वावगे वाटत नाही. ईदला स्वच्छ आणि चांगले कपडे घालावेत हे आपल्यालाही लहानपणापासून शिकवलेले आहे.

झिरझिरीतपणाचे गणित

"इतके पारदर्शक कापड मुसलमान बायका कशा घालतात?" हा प्रश्न आमच्या घरातूनच आला. रास्त आहे. औरंगजेब बादशहाने झेबुन्निसाला अंग दिसते म्हणून हटकले, तेव्हा तिने आपण सात थर पांघरले आहेत असे उत्तर दिले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. खरी असो वा नसो, तिच्यातले गणित नायजेरियाच्या शिंप्याला नेमके ठाऊक आहे. लेस कधी एकटी नसते. तिच्याखाली अस्तर असते आणि डिझाइनचा निम्मा खेळ त्या अस्तरात असतो. अस्तर लेसच्याच रंगाचे घेतले तर कापड भरीव दिसते. वेगळ्या रंगाचे घेतले तर जाळीच्या प्रत्येक भोकातून तो रंग डोकावतो. त्वचेच्या रंगाचे घेतले तर अंग झाकलेले असूनही नक्षी जणू अंगावर तरंगते. या शेवटच्या प्रकारावर तिकडे मशिदीतही टीका होते आणि चर्चमध्येही. म्हणजे वाद आहेत, पण ते त्यांचे त्यांच्यात चालू आहेत. दुरून फतवा देण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने आम्हांला उलट बाजूने शिकवले. नेटवर टाके फार दाट घातले तर नेट आक्रसते, कधी फाटते. म्हणून खाली पाण्यात विरघळणारी फिल्म लावतात आणि काम झाले की धुऊन काढतात. ऐकताना आम्हांला ती जुनी गिप्युअरची युक्ती आठवली. इरो कमरेभोवती गुंडाळायचा, त्यामुळे एक पदर दुसऱ्याखाली जातो; म्हणून नक्षी एकाच जागी गोळा करून चालत नाही, घेरभर फिरवावी लागते. काठाचे कंगोरे अखंड हवेत, कारण तेच पायाशी दिसतात. टिकल्यांचे वजन खाली जास्त, वर कमी ठेवावे, म्हणजे कापड सरळ पडते. त्याचा पहिला नमुना परत आला होता. पार्टीने एवढेच सांगितले, "जाळी मोकळी करा. दुरून दिसली पाहिजे." त्याला तो हुकूम वाटला होता. 1960 च्या दशकात लुस्तेनाऊच्या चित्रकारालाही बाजारातील त्या बायकांनी असेच काहीसे ऐकवले असणार.

किंमत

आता कटू भाग. असो एबीचे कापड पाहुण्याला विकत घ्यावे लागते. बहुधा यजमानाकडूनच आणि पुष्कळदा बाजारभावापेक्षा चढ्या किमतीला. न घ्यावे तर नात्यात नाव होते, घ्यावे तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. एका मोसमात चार लग्ने आली की चार पोशाख. कोणी कोणते कापड घेतले यावरून जेवणाच्या मंडपात कोणाला काय मिळेल हेही ठरते, अशी तक्रार तिथले लेखकच करतात. ओकेचुक्वू न्वाफोर यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या असो एबीवरील आपल्या पुस्तकात एकोप्याच्या या कापडातून भेदही कसा शिवला जातो ते दाखवले आहे. आपल्याकडे लग्नातील फिजूलखर्चीवर जलसे होतात, ठराव होतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच ठराव करणाऱ्याच्या घरी सहा प्रकारचे पदार्थ असतात. म्हणून आम्ही नायजेरियाला हसत नाही.

देशाच्या पातळीवरही किंमत मोजावी लागली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात लष्करी सरकारने परकीय चलन वाचवण्यासाठी लेसच्या आयातीवर बंदी घातली. लेस थांबली नाही. ती शेजारच्या बेनिन आणि टोगोतून चोरवाटेने आली आणि बंदीमुळे तिची शान आणखी वाढली. पुढे ऑस्ट्रियाच्या नमुन्यांवरून आशियात स्वस्त माल निघू लागला. कोरिया, चीन, भारत. त्याच वेळी उत्तरेतील कादुना शहरातील कापडगिरण्या मरत होत्या. कादुना टेक्स्टाइल्स 2002 मध्ये बंद पडली, तर युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्सच्या कादुनातील गिरणीने 2007 मध्ये काम थांबवले. वीजटंचाई, जुनी यंत्रे, तस्करीचा स्वस्त माल अशी अनेक कारणे होती. हजारो कामगार घरी बसले. ज्या कानोचे कापड एके काळी त्रिपोलीला जात होते, त्या मुलखाचा सणाचा पोशाख आता जहाजाने येतो.

हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो. मुंबईचा 1982 चा गिरणी संप आणि त्यानंतर ओस पडलेले गिरणगाव आमच्या पिढीने मोठ्यांच्या तोंडून ऐकले आहे. मालेगावात लूमचा आवाज एकेका गल्लीतून कमी होत गेलेला आम्ही स्वतः ऐकला आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या घरचे चार लूम भंगारात गेले, म्हणून तो सुरतेला गेला आणि कादुनाच्या कामगाराच्या देशासाठी कापड काढू लागला. एकाचा रोजगार दुसऱ्याच्या बंद गिरणीला किती लागून असतो, हे त्या जांभळ्या तुकड्याकडे पाहून कळणार नाही. यात त्या मुलाचा गुन्हा नाही. पण त्याला हे ठाऊक असावे, एवढे मात्र शिक्षक म्हणून आम्हांला वाटते.

पुढचा तास

तर मग हे कापड कोणाचे? मुहर्रमच्या सुट्टीत तो परत आला तेव्हा आम्ही त्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे सर, माझे काहीच नाही यात?"

आम्ही म्हणालो, "बेटा, चिरालाच्या विणकराचे कलाबारी कापडात काहीच नाही का? त्याच्या धाग्याशिवाय ती बाई काय कापणार होती? पण कापायचे कुठे, ते तिने ठरवले. म्हणून कापड तिचे झाले. मेहनत तुझी आहे, ती कोणी नाकारू शकत नाही. पोशाख मात्र त्यांचा. कारण त्यात त्यांचे लग्न आहे, त्यांची ईद आहे, त्यांचे मरण आहे."

वाचकहो, हे सांगताना आम्ही आमच्याचविषयी बोलत होतो, हे नंतर लक्षात आले. आमची मातृभाषा उर्दू. शिक्षण उर्दूत झाले, शिकवतोही उर्दूतच. तरी हा लेख मराठीत लिहिला. अशा वेळी दोन्ही बाजूंनी विचारणा होते. एक म्हणतो, ही तुमची जबान नाही. दुसरा म्हणतो, ही आमची भाषा, तुम्ही कशाला? दोघेही वस्तू कुठून आली एवढेच पाहतात. ती कोणाच्या सुखदुःखात वापरली जाते, हे पाहत नाहीत. आमच्या आजीने गावात बाजार मराठीत केला, शेजारणीच्या मयतीला ती मराठीत रडली. 'किताब', 'कायदा', 'वकील', 'शाई' हे शब्द मराठीने घेतले, तेव्हा तिने त्यांच्याकडे दाखला मागितला नाही. आम्हीही दाखला न देता या भाषेत थोडे धागे भरले आहेत, थोडे काढले आहेत. निघालेली जाळी कोणाला आवडेल, कोणाला नाही.

जाताना त्या मुलाने तो जांभळा तुकडा आमच्याकडेच ठेवला. आम्ही तो वर्गात नेला. नकाशावर मालेगाव, सुरत, लुस्तेनाऊ, कानो आणि इजेबू-ओदे या पाच ठिकाणी टाचण्या लावल्या आणि मुलांना त्यांच्यातून एक दोरा ओढायला सांगितला. एका मुलीने हात वर केला. तिने विचारले, "सर, आणि ज्यांनी ते शिवले, ते कुठे आहेत?"

तिलाही आम्ही म्हणालो, पुढच्या तासाला सांगतो.